कडेवरचे यात्रेकरू

मराठीत पिढ्यान्‌पिढ्या सांगितल्या गेलेल्या एका कौटुंबिक यात्रेत मूल हरवते. विठ्ठलपंत आणि रुक्मिणीबाई चार लेकरांना घेऊन त्र्यंबकेश्वरी राहिले होते. ब्रह्मगिरीला प्रदक्षिणा घालताना वाघ आडवा आला, सगळे पांगले, थोरला निवृत्ती एका गुहेत शिरला आणि तिथे त्याला गहिनीनाथ भेटले, अशी ती कथा. परंपरेने दिलेली जन्मवर्षे धरली, म्हणजे निवृत्तीचे १२७३ आणि मुक्ताबाईचे १२७९, तर त्या डोंगरवाटेवर निवृत्ती फार तर दहा-बारा वर्षांचा असेल आणि मुक्ताबाई पाच-सहा वर्षांची. हे घडले की पुढच्या चरित्रकारांनी रचले, हा वाद इथे बाजूला ठेवू. रचले असले तरी रचणाऱ्याला आणि ऐकणाऱ्यांना एक गोष्ट समजावून सांगावी लागली नाही: आईबाप पोरांना घेऊन देवाच्या डोंगराला फेरी घालतात, हे सगळ्यांच्या ओळखीचे होते. याच कथेतले विठ्ठलपंत त्याआधी काशीला जातात तेव्हा मात्र बायकोला मागे ठेवून एकटे जातात. काशीला एकटा आणि त्र्यंबकला सहकुटुंब, हा फरक कथेच्या ओघात सहज निसटतो. माझा सारा मुद्दा त्या फरकावर उभा आहे.

पोराबाळांसह देवदर्शनाला निघालेल्या कुटुंबाला आज दोन्हीकडून बोल लागतात. कर्मठ भाविक म्हणतात, ही कसली यात्रा, ही सहल. रांगेत वेफर्सची पुडी फोडणारी मुले आणि आरतीच्या वेळेआधी मिसळ कुठे चांगली मिळते याची चौकशी करणारे बाप पाहून त्यांना धर्माची उतरण दिसते. इतिहासाचे आणि पुरातत्त्वाचे अभ्यासक म्हणतात, या मंडळींना वास्तूशी देणेघेणे नाही. हजार-दोन हजार वर्षांच्या दगडासमोर उभे राहून ते पोराचे नाक पुसतात. दोघांच्या मनातले गृहीत एकच आहे. पूर्वी कधीतरी एक खरी, खडतर, गंभीर यात्रा होती आणि लेकरे बरोबर घेऊन केलेली आजची दोन दिवसांची फेरी ही तिची पातळ नक्कल आहे. हे गृहीतच मला मान्य नाही. महाराष्ट्रात देवाला जाण्याच्या निदान दोन रीती शतकानुशतके शेजारी शेजारी नांदल्या. एक मोठ्या माणसांची, दुसरी मुलांची. मिनीबस भरून निघालेले आजचे अष्टविनायक दर्शन बाहेरून पहिलीसारखे दिसते, पण त्याचे कूळ दुसरीचे आहे.

पहिली रीत काशी, प्रयाग, गया, रामेश्वर अशा दूरच्या तीर्थांची. पितरांचे श्राद्ध, अस्थिविसर्जन, उतारवयातले पुण्य ही तिची कामे, आणि त्यांत लहान मुलाला काही भूमिकाच नव्हती. पेशवे घराण्यातली गाजलेली काशीयात्रा आहे बाजीरावांच्या मातोश्री राधाबाईंची, १७३५-३६ची. त्या तेव्हा दीड दशक वैधव्यात होत्या, मुलगा पेशवेपदावर होता आणि उत्तरेतल्या दरबारांनी त्यांची बडदास्त ठेवली. इतका लवाजमा असूनही ती यात्रा एका वयस्क बाईची होती. दुसऱ्या टोकाला पेणजवळच्या वरसईचे विष्णुभट गोडसे. बायजाबाई शिंदे यांच्या यज्ञात दक्षिणा मिळेल या आशेने ते उत्तरेकडे निघाले आणि १८५७च्या धामधुमीत सापडले. त्यांचा ‘माझा प्रवास’ लोक बंडाच्या हकिकतीसाठी वाचतात, पण यात्रेच्या इतिहासासाठी त्यातली एक गोष्ट मोलाची आहे. गोडसे भटजींनी गंगेची कावड खांद्यावरून पायी घरी आणली आणि आईवडिलांना गंगास्नान घातले. कुटुंब तीर्थाकडे जात नव्हते, तीर्थ कावडीतून कुटुंबाकडे येत होते. तीर्थाची ही वयस्क बाजू जवळच्या स्थळांनाही होती. थेऊरच्या चिंतामणीवर थोरल्या माधवरावांची श्रद्धा होती. क्षयाने खंगलेले ते तिथेच जाऊन राहिले आणि १८ नोव्हेंबर १७७२ रोजी, वयाच्या २७व्या वर्षी, तिथेच वारले. रमाबाई तिथे सती गेल्या. आज ज्या आवारात शाळकरी पोरे पाण्याच्या बाटलीसाठी भांडतात ते आवार अडीचशे वर्षांपूर्वी मरणाची जागा म्हणून निवडलेले होते.

मुले न नेण्याला श्रद्धेबाहेरचीही कारणे होती आणि ती जास्त बळकट होती. एकोणिसाव्या शतकात मोठ्या यात्रा आणि कॉलरा यांची जोडी इतकी पक्की होती की सरकारी आरोग्य खात्याच्या लेखी पंढरपूर हे तीर्थ होते तसेच साथीचे ठिकाणही होते. ज्या काळात घरातली निम्मी-शिम्मी पोरे वयाची पाच वर्षे गाठत नसत त्या काळात कुठली आई तान्ह्याला घेऊन चंद्रभागेच्या वाळवंटात मुक्कामाला जाईल? वारीचे व्रतही बहुधा घराण्याचे असे, पण घरातून चालायला निघे तो एखादा कर्ता माणूस. बाकीचे घर शेताशी आणि गुराढोरांशी बांधलेले.

आता दुसरी रीत. ती कुलदैवताची. इथे चित्र उलटे होते, कारण इथे मूल हेच जाण्याचे कारण असे. मूल व्हावे म्हणून नवस बोलायचा, झाले की ते देवाच्या पायावर घालायचे, जावळ काढायचे, आणि पुढे त्याचे लग्न झाले की जोडप्याने पुन्हा जायचे. जेजुरीला, तुळजापूरला, माहूरला, कोल्हापूरला, कार्ल्याच्या एकवीरेला लोक ज्या कारणांनी जात आले त्यांची यादी केली तर निम्म्याहून अधिक कारणे वयाच्या पाचव्या वर्षाआतली निघतील. गृह्यसूत्रांनी चौलकर्म पहिल्या किंवा तिसऱ्या वर्षी सांगितले आहे. ग्रंथातला तो संस्कार बहुतेक घरांनी मामाच्या मांडीवर, न्हाव्याच्या वस्तऱ्याखाली, कुलदैवताच्या पायथ्याशी करून घेतला. त्यासाठी आजी हवी, मामा हवा, आत्या हवी. म्हणजे गाडीभर माणसे आलीच. बरोबर शिधा आला, चूल मांडणे आले, रात्रीचा मुक्काम आला. जेजुरीत भंडारा उधळला की मूल आधी घाबरते आणि मग हसते. त्याला पिवळे झालेले पाहण्यातच मोठ्यांचे अर्धे देवदर्शन होते. गांभीर्य आणि मौज यांच्यात इथे कधी भिंत नव्हती. जत्रेतली शिट्टी, रेवड्या, पाळणा ही देवाच्या कामातली भेसळ आहे असे खेड्यातल्या कुणी मानल्याचे दिसत नाही.

या रीतीचा लेखी आणि दगडी पुरावा पाहायचा तर गोव्यात जावे. १५६०च्या आसपास पोर्तुगीज अमलाखालच्या सासष्टी भागातली देवळे पाडली जाऊ लागली तेव्हा मंगेश कुशस्थळीहून म्हणजे आजच्या कुठ्ठाळीहून प्रियोळला हलला आणि शांतादुर्गा केळशीहून कवळ्याला. दोन्ही गावे फोंड्याच्या बाजूची, तेव्हा पोर्तुगीजांच्या हद्दीबाहेर. देव नदी ओलांडून गेले आणि भक्तांची घरे पुढे कारवार, मंगळूर, सावंतवाडी, मुंबई अशी विखुरली. कुलदैवताला जाणे हा तेव्हापासून या घरांसाठी प्रवासच झाला, आणि या प्रवासासाठी देवळांनी सोय उभी केली ती अग्रशाळेची. देवळाच्या आवारातच खोल्या, विहीर, भटजींकडे जेवणाची व्यवस्था. वयस्क, विरक्त यात्रेकरूला धर्मशाळेची ओसरी पुरते. खोल्या आणि वेळेवर जेवण हे लागते ते बाळंतीण होऊन वर्ष झालेल्या सुनेला आणि तिच्या कडेवरच्या पोराला. मंगेशी, म्हार्दोळ, कवळे इथली आवारे आजही पाहिली तर देऊळ आणि बिऱ्हाड एकत्र नांदावे अशीच त्यांची आखणी आहे. मे महिन्यात मुंबईहून पोरांना घेऊन ‘गोव्याला देवाला’ जाणारी कुटुंबे ही पर्यटनाची नवी लाट नाही; समुद्रकिनाऱ्यांवर हॉटेले येण्याच्या कितीतरी आधीपासून ती येत होती.

इथे एक आक्षेप येतो आणि तो टाळण्यासारखा नाही. मूल हे या रीतीच्या मध्यभागी होते हे खरे, पण कशा अर्थाने? नवसाचे मूल काही वेळा देवाला परत द्यायची वस्तू होती. खंडोबाला मुलगी वाहून तिची मुरळी करणे, मुलाला वाघ्या करणे, यल्लम्मेला मुली सोडणे या प्रथा याच नवसाच्या हिशेबातून आल्या. १८८५च्या पुणे जिल्ह्याच्या गॅझेटियरमध्येही वाघ्या-मुरळ्यांची दखल आहे. ज्या पायऱ्यांवर एका घरचे पोर जावळ काढून पेढा चोखत उतरत होते त्याच पायऱ्यांवर दुसऱ्या, बहुधा गरीब घरची पोर कायमची सोडली जात होती. मुंबई सरकारचा १९३४चा देवदासी संरक्षण कायदा झाला तेव्हाही हे सगळे चालू होते आणि पुढेही काही काळ राहिले. या इतिहासाकडे डोळेझाक करून कुलदैवताच्या रीतीचे गोडवे गाणे अप्रामाणिकपणाचे होईल. पण यावरून ‘मुलांना देवस्थानी नेणे हेच मुळात शोषण’ असा निष्कर्ष काढणाऱ्यांशीही मी सहमत नाही. जावळ आणि मुरळी एकाच नवसातून फुटलेली असली तरी समाजाने त्यांतले एक ठेवले आणि दुसरे मोडले. ते मोडण्यासाठी कायदा, सुधारक आणि स्वतः या समाजातल्या बायका झगडल्या. परंपरेतून निवड करता येते याचा याहून स्पष्ट दाखला कोणता हवा?

आता अष्टविनायक. मोरगाव, सिद्धटेक, पाली, महड, थेऊर, लेण्याद्री, ओझर, रांजणगाव हा संच इतका पाठ झाला आहे की तो अनादी वाटतो. मंगलाष्टकांच्या सुरुवातीच्या श्लोकात ही नावे येत असल्याने लग्नाच्या मांडवात खेळणारी पोरे ती अर्थ न कळता ऐकतात. पण ही स्थळे एकेकटी पाहिली तर त्यांचा जीर्णोद्धार आणि वैभव बरेचसे अठराव्या शतकातले आहे. महडचे देऊळ रामजी महादेव बिवलकर यांनी १७२५मध्ये बांधले. ओझरचा सोन्याचा कळस चिमाजी अप्पांनी १७३९च्या वसई विजयानंतर चढवला असे सांगतात, आणि पालीची युरोपीय घंटाही त्याच मोहिमेतली मानली जाते. सिद्धटेकचे देऊळ अहिल्याबाई होळकरांचे. थेऊर आधी चिंचवडच्या देव घराण्यातल्या धरणीधर महाराजांनी बांधले, मग माधवरावांनी वाढवले. मोरगाव आणि मोरया गोसावींची परंपरा याहून जुनी आहे, लेण्याद्रीची गुहा तर कित्येक शतकांनी जुनी. तरीही आठांपैकी पाच स्थळे आजच्या पुणे जिल्ह्यात, दोन रायगडात, एक अहिल्यानगरात असावे हे वाटप पुराणांच्या भूगोलापेक्षा पेशव्यांच्या भूगोलाशी जास्त जुळते. गणपतीचे उपासक असलेल्या सत्तेच्या अवतीभवती ज्या गणपतींना दान, रस्ता, नगारखाना मिळाला त्यांची ही साखळी आहे, असा माझा कयास आहे.

साखळी पेशव्यांच्या छायेत घडली, म्हणून तेव्हा कुटुंबे ती एका दमात करीत होती असे मात्र नाही. नकाशाच ते सांगतो. पाली आणि महड घाटाखाली, सिद्धटेक भीमेच्या पलीकडे, लेण्याद्री आणि ओझर जुन्नरकडे. आजच्या रस्त्यांनी फेरी साधारण साडेसहाशे किलोमीटरची भरते. बैलगाडीच्या वेगाने यात आठवडे जातील, आणि तेही बोरघाट उतरून-चढून. लहान मुलांच्या कुटुंबाला हे झेपणारे नव्हते. लोक आपल्या ओढीच्या एका गणपतीला जात. जेजुरीला आलेले मोरगावला जात असतील, कारण दोन्ही गावे कऱ्हेकाठची आणि जवळची. आठही एकदम करायचे म्हणजे व्रतस्थ माणसाचे काम.

असे असूनही या आठांच्या कथांत मूल आधीपासूनच बसलेले आहे, ही मला मोठी सूचक गोष्ट वाटते. आठांतला भक्ताच्या नावाने ओळखला जाणारा एकच गणपती, पालीचा, आणि तो भक्त लहान मुलगा. गणेशपुराणातली कथा अशी: कल्याण नावाच्या वाण्याचा मुलगा बल्लाळ गावातल्या पोरांना जमवून रानात जाई, एक धोंडा गणपती म्हणून मांडी, पानाफुलांचे देऊळ करी आणि सगळे खेळात तहानभूक विसरत. पोरे घरी येईनात म्हणून इतर पालकांनी कल्याणशेठकडे तक्रार केली. बाप संतापून गेला, पोरांचे देऊळ मोडले, देव भिरकावला, मुलाला मारले आणि झाडाला बांधून ठेवले. गणपती आला तो मुलाकडे. बापाने फेकलेला धोंडा म्हणजे धुंडीविनायक, आणि बल्लाळेश्वराच्या आधी त्याचे दर्शन घ्यायचे असा पालीचा शिरस्ता आहे. खेळणाऱ्या पोरांना शिस्त लावायला गेलेला बाप चुकला आणि पोरांचा खेळ हीच पूजा ठरली, हे या देवळाचे अधिकृत स्थलमाहात्म्य. देवळात पोरांच्या दंग्याने वैतागणाऱ्या कर्मठांनी निदान पालीत तरी जपून बोलावे. लेण्याद्रीचा गणपती तर गिरिजात्मज, म्हणजे स्वतःच गिरिजेचे मूल; पार्वतीने पुत्रासाठी तप केले ते इथे, अशी श्रद्धा. अपत्यासाठी नवस बोलणाऱ्या बायकांनी लेण्याद्री का निवडली हे वेगळे सांगायला नको. कुलदैवताच्या रीतीला लागणारा सगळा माल या संचात तयार होता. अडचण फक्त अंतराची आणि दाराची होती.

दार आणि अंतर, दोन्हींचा प्रश्न वर्षाभराच्या अंतराने सुटायला लागला. मे १९४७मध्ये साने गुरुजींनी पंढरपूरचे विठ्ठलमंदिर अस्पृश्य मानल्या गेलेल्यांना खुले व्हावे म्हणून उपोषण केले आणि ते खुले झाले. त्याच वर्षी मुंबई प्रांताचा हरिजन मंदिर प्रवेश कायदा आला. त्याआधी नाशिकच्या काळाराम मंदिरासमोर १९३०पासून डॉ. आंबेडकरांच्या नेतृत्वाखाली वर्षानुवर्षे सत्याग्रह होऊनही दार उघडले नव्हते. ‘मुलाबाळांना घेऊन देवाला जाणे’ ही सगळ्या मराठी समाजाची रीत होती असे म्हणताना हे विसरता येत नाही. जी आई पोराला घेऊन पायरीशी थांबत होती तिच्यासाठी ती रीत पायरीपर्यंतच होती. मुलांसाठी आयुष्यभर लिहिणारा लेखक देवळाच्या दारासाठी प्राण पणाला लावतो, याकडे मी केवळ योगायोग म्हणून पाहत नाही. मग १ जून १९४८ला पुणे-अहमदनगर रस्त्यावर राज्य परिवहनाची पहिली बस धावली. रांजणगाव याच रस्त्यावर आहे.

एसटीने काय केले ते थोडे सविस्तर सांगायला हवे, कारण यात्रेच्या इतिहासात तिचे नाव क्वचित घेतले जाते. रेल्वेने यात्रा आधीच बदलली होती. १८६३मध्ये बोरघाट रुळांनी जोडला गेल्यावर मुंबईच्या कोळीवाड्यांतली कुटुंबे एकवीरेला गाडीने येऊ शकत होती. पण रेल्वे रुळांच्या कडेच्या देवांनाच पावली. गणपतींची आठ गावे रुळांपासून बाजूला होती. एसटी तालुक्याच्या गावापर्यंत आणि मग देवळाच्या वेशीपर्यंत गेली. पाच वर्षांखालच्या मुलाला तिकीट नाही, बारापर्यंत अर्धे, हा साधा नियम घरखर्चाच्या वहीत मोठा होता: चार पोरांचे घर दोन तिकिटांच्या वाढीव खर्चात निघू शकत होते. सिद्धटेकला जाताना शिरापूरच्या काठावरून भीमा होडीने ओलांडावी लागे, पुढे पूल झाला. ओझरला भक्तनिवास झाले आणि दोन दिवस-एक रात्र अशी फेरी रूढ झाली, कारण मुले एवढेच सहन करतात आणि नोकरदाराला रजाही एवढीच मिळते. एसटीच्या आणि खासगी बसवाल्यांच्या अष्टविनायक गाड्यांचे वेळापत्रक पुराणाने ठरवलेले नाही, ते शनिवार-रविवारने ठरवले आहे. १९७९मध्ये राजदत्त यांचा ‘अष्टविनायक’ चित्रपट आला आणि त्यातल्या गाण्याने आठही देवळे एका पडद्यावर, एकामागून एक, शेजारी असल्यासारखी दाखवली. ते गाणे ज्या पोरांनी रेडिओवर ऐकले त्यांना संच पाठ झाला. पुढे आईबाप झाल्यावर त्यांनीच बस ठरवल्या. मुंबई-पुणे द्रुतगती मार्ग २००२मध्ये पूर्ण झाला तेव्हा मुंबईकरासाठी महड आणि पाली अर्ध्या दिवसाच्या टप्प्यात आले.

कर्मठांचा आक्षेप इथे नेमका येतो: क्रम मोडला. शास्त्राप्रमाणे मोरगावपासून सुरुवात करून शेवटी मोरगावलाच परतायचे, आणि ही मंडळी वाहनचालकाच्या सोयीने कुठूनही सुरू करतात. आक्षेप खोटा नाही, बहुतेक गाड्या क्रम पाळत नाहीत. पण क्रम हा पहिल्या रीतीचा नियम आहे, व्रतस्थाचा. कुलदैवताच्या रीतीत क्रमाला महत्त्व नव्हते, उपस्थितीला होते: कोण आले, पोराला पायावर घातले का, ओटी भरली का, नारळ फुटला का. अष्टविनायकाला निघालेल्या कुटुंबाचे वागणे बारकाईने पाहिले तर ते हेच नियम पाळताना दिसते. नवीन बाळ प्रत्येक गाभाऱ्यासमोर उंच धरले जाते. आजीची जागा खिडकीपाशी ठरलेली असते. लेण्याद्रीच्या तीनशेच्या आसपास पायऱ्या आजीसाठी डोलीने आणि नातवासाठी बापाच्या खांद्यावरून पार होतात, वाटेत माकडे हातातला प्रसाद पळवतात आणि पुढे वर्षभर घरात त्याचीच गोष्ट चालते. ज्याला अष्टविनायकाचा ऱ्हास म्हटले जाते ते खरे तर जेजुरीच्या रीतीने केलेले अष्टविनायक आहे. जुनी रीत नव्या रस्त्यावर चालू आहे, एवढेच.

अभ्यासकांचा आक्षेप मला अधिक वजनदार वाटतो. लेण्याद्रीचा गणपती ज्या प्रशस्त, खांबविरहित दालनात आहे तो मुळात बौद्ध विहार, लेणे क्रमांक ७. भिंतींच्या कडेने भिक्षूंच्या खोल्या. शेजारचे सहाव्या क्रमांकाचे लेणे चैत्यगृह. कार्ल्यालाही तसेच: एकवीरेचे देऊळ चैत्याच्या तोंडाशी. जावळाला आलेले कुटुंब चैत्याच्या कमानीखाली सावलीला बसते, डबे उघडते, आणि भारतातल्या मोठ्या चैत्यगृहांपैकी एकाकडे पाठ करून निघून जाते. हे होते, नाकारण्यात अर्थ नाही. याच लेण्यांकडे येणारी दुसरी कुटुंबे वेगळे पाहतात. १४ ऑक्टोबर १९५६च्या नागपूरच्या धम्मदीक्षेनंतर बौद्ध झालेल्या घरांनी दीक्षाभूमीच्या वार्षिक फेरीबरोबर लेण्यांच्या फेऱ्याही सुरू केल्या. दीक्षाभूमीला पोरांना नेण्याची त्यांची रीत रूपाने जत्रेचीच आहे, रेल्वे, एसटी, भाकऱ्यांची गाठोडी, मुक्काम. फक्त परतीच्या पिशवीत प्रसादाऐवजी पुस्तके असतात. ही कुटुंबे कार्ल्यात आली की स्तूपापाशी थांबतात. एकाच डोंगरावर एकाच रविवारी दोन कुटुंबे दोन वेगळ्या इतिहासांना भेटून जातात आणि एकमेकांशी बोलत नाहीत.

पण यात दोष मुलांचा नाही आणि सहकुटुंब जाण्याचाही नाही. उलट ही लेणी उभी राहिली तीही बऱ्याच अंशी घरांच्या दानातून. कार्ल्याच्या लेखांत धेनुकाकट गावचा गंधी सिंहदत्त आहे, दाराचे काम करणारा सुतार सामी आहे आणि आपल्या नावापुढे त्याने बापाचे, वेणुवासाचे, नाव कोरवले आहे. जुन्नरच्या लेण्यांतल्या एका लेखात चैत्यगृह देणारा आनंद स्वतःची ओळख तापस उपासकाचा मुलगा आणि कपिल उपासकाचा नातू अशी देतो. आजोबा, बाप, नातू एका ओळीत. लेण्याद्रीच्या सहाव्या लेण्याचे चैत्यगृह देणारा सुलसदत्त कल्याणचा, म्हणजे आजच्या लोकल गाडीच्या पट्ट्यातला. घाटवाटा चढून व्यापाराला येणारी ही गृहस्थ माणसे होती, संसार टाकलेली नव्हेत. सात वर्षांच्या मुलाला शिल्पशैलीचे काही सांगता येणार नाही, पण ‘हे सुताराने केले आणि बापाचे नाव घातले’ हे त्याला कळते. ‘या खोलीत एक साधू झोपायचा, बघ तू मावतोस का’ हे तर चांगलेच कळते, कारण त्या खोल्यांतले दगडी ओटे मुलांच्या मापाला सोयीचे आहेत.

संरक्षित स्मारक असल्याने लेण्याद्रीच्या पायथ्याशी पुरातत्त्व खात्याचे तिकीट काढावे लागते, गणपतीच्या दर्शनासाठी आलेल्यांनाही. बऱ्याच जणांची त्यावर कुरकुर असते: देवाला जायला तिकीट कसले? पंधरा वर्षांखालच्या मुलांना ते तिकीट नाही. म्हणजे खात्याच्या हिशेबात मूल हा मोजायचा प्रेक्षक नाही आणि देवस्थानच्या माहितीफलकांवरही त्याच्यासाठी एक ओळ नसते. फलक लिहिले आहेत ते एकतर व्रतस्थ भाविकासाठी, नाहीतर संशोधकासाठी, म्हणजे दोन्हीकडे एकट्या मोठ्या माणसासाठी. पायऱ्या चढणाऱ्या गर्दीकडे पाहून ते लिहिले असते तर पहिली ओळ पोराच्या उंचीवर लागली असती आणि तिच्यात गणपतीचे नाव असते तसेच सुलसदत्ताचेही.